दोघांची मिळून एक जागा

मस्कतच्या शाळेची मुलाखत मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून दिली. आष्टीतल्या आमच्या घरात व्हिडिओ कॉलला पुरेल अशी रेंज मिळते ती तिथंच. खाली मोटार चालू होती, आई ओरडत होती, "अगं, भरली का बघ टाकी!" आणि फोनच्या पडद्यावर त्या शाळेच्या मुख्याध्यापिका मला इंग्रजीत विचारत होत्या, गणित शिकवताना तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं. मी टाकीवर दोन थापा मारल्या, म्हणजे मोटार बंद कर, आणि सांगितलं, की मुलाचं उत्तर चुकलं तर ते नेमकं कुठं चुकलं हे त्याच्याच तोंडून काढून घ्यायला मला आवडतं. बाई हसल्या. उत्तराला हसल्या की थापांना, देव जाणे.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बरीच समजूतदार असल्यासारखी बोलणार आहे.

लग्नाआधी मी पुण्यात एका आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत गणित शिकवत होते. तिथली पोरं आगाऊ होती, पण भांडायची. "मॅडम, पण असंच का?" म्हणायची आणि मग तास कुठं संपला ते कळायचं नाही. लग्न झालं. नवरा पाटोद्याकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणून मी आष्टीत आले आणि इथल्या इंग्रजी शाळेत लागले. इथली पोरं भांडत नाहीत. "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" एवढंच विचारतात, आणि नसेल येणार तर वही मिटून टाकतात. मी एकेकाळी चांगली शिक्षिका होते ही मलाच हळूहळू जुनी गोष्ट वाटायला लागली होती. त्याचा मला राग यायचा, आणि माझा राग घरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. कुकरची शिट्टी जरा जोरात वाजली तर मी कुकरशी भांडते.

घरात आम्ही चौघं. मी, नवरा, चौथीतली लेक आणि आई. आई माझी, नवऱ्याची नाही, हे मुद्दाम सांगते. आमच्याकडं जावयाच्या घरी राहणारी सासू म्हणजे लोकांना चघळायला आयता विषय. वडील गेल्यावर मी एकुलती एक म्हणून तिला घेऊन आले, तेव्हा नवऱ्याला विचारलं होतं, "चालेल ना?" तो म्हणाला होता, "चालतंय की." त्यानंतर त्या विषयावर त्यानं चकार शब्द काढला नाही. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या तोंडून 'नाही' काढणं म्हणजे आमच्या बोअरला पाणी लागण्याइतकं अवघड.

वर्षभर मी जाहिराती वाचत होते. संध्याकाळी भाजी निवडता निवडता फोन समोर ठेवायचा आणि जग फिरून यायचं. थायलंड, केनिया, कुवेत, ओमान. काही शाळा सरळ लिहायच्या, अमुक देशांचे पासपोर्ट असलेल्यांनीच अर्ज करावा. म्हणजे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज माझ्या पासपोर्टवर वेगळी येते की काय! मी अशा शाळांना मोठ्यानं शिव्या द्यायचे आणि लेक म्हणायची, "आई, त्यांना ऐकू जात नाही." काही ठिकाणी मुलीला त्याच शाळेत शिकता येणार होतं, काही ठिकाणी घर मिळणार होतं पण घरच्यांना नेता येणार नव्हतं. मस्कतचं सगळं जमत होतं. समुद्र होता, उघडेबोडके डोंगर आपल्यासारखेच होते, आणि उन्हाचं म्हणाल तर वैशाखात आष्टीच्या स्टँडवर गाडीची वाट बघितलेल्या बाईला मस्कत काय घाबरवणार?

शेजाऱ्यापाजाऱ्यांना कुणकुण लागली तेव्हा ते माझ्याशी बोललेच नाहीत, नवऱ्याशी बोलले. "सर, परमनंट नोकरी सोडून? डोकं फिरलं का काय?" मी बाहेर येऊन म्हणायचे, फिरलंय ते माझं, त्यांना कशाला विचारता. खरं तर मला त्या लोकांचं नवल वाटायचं. आमचा अर्धा जिल्हा दरसाल दसऱ्या-दिवाळीनंतर घराला कुलूप लावून बाहेर जातो. पश्चिमेकडं जातो, कर्नाटकात जातो, ऊस तोडतो, उन्हाळ्यात परत येतो. त्याला कुणी म्हणत नाही डोकं फिरलं का. माझे आईवडीलही असेच जायचे. पोटासाठी जायचं असलं की कुणी काही विचारत नाही. मनासाठी जायचं म्हटलं की सगळ्यांना कारण पाहिजे असतं, आणि ते सांगताना माझं मलाच अपराध्यासारखं व्हायचं.

तर मुलाखत. शेवटाकडं बाईंनी विचारलं, "तुमचे पतीही शिक्षक आहेत ना?" मग म्हणाल्या, की आम्ही शक्यतो जोडपीच घेतो. एकटी आलेली माणसं वर्षभरात कंटाळून परत जातात, जोडपी टिकतात, आणि घरही एकच द्यावं लागतं. आम्हाला प्राथमिक वर्गात एक सहायक शिक्षक पाहिजेच आहे, तुमच्या पतींना तिथं घेता येईल. दोघं येणार असाल तर जागा तुमची समजा.

इथं मी माती खाल्ली. मला एवढा आनंद झाला होता, की मी म्हणाले, जोडीनं काम करणं तर माझ्या रक्तातच आहे. आणि मग रंगवून सांगायला लागले, की आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला एकटा माणूस घेतच नाहीत, नवरा-बायकोची जोडीच लागते. दोघांनी तोडायचं, तिनं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून वर चढवायची. अशा जोडीला आम्ही त्या हत्याराच्याच नावानं 'कोयता' म्हणतो. मुकादम टोळी मोजतो ती माणसांवर नाही, कोयत्यांवर. माझे आईवडील असा एक कोयता होते, जन्मभर एकमेकांना सोडून कधी कामाला गेले नाहीत. बाई म्हणाल्या, "किती सुंदर!" मलाही त्या क्षणी ते फार सुंदर वाटलं.

संध्याकाळी नवरा आला. मी चहा टाकतानाच सगळं सांगून टाकलं. "दोघांनाही घेतायत! तुला सहायक म्हणून. चालेल ना?"

तो बूट काढत होता. म्हणाला, "चालतंय की."

"सहायक म्हणजे मुख्य शिक्षक नाही हं. बिनपगारी रजा मिळाली नाही तर राजीनामा द्यावा लागेल."

"चालतंय की. लेकरंच असतेत, तिथंबी."

मी त्याच्या चहात साखर दोनदा घातली. तसलाही तो मुकाट्यानं प्यायला.

आई चुलीपुढं होती. गॅस असला तरी भाकरी ती मागच्या दारी चुलीवरच करते. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं, की शाळेला आम्ही दोघंही पाहिजे आहोत, एकटी मी नाही.

"जोडीच पायजे व्हय?" आई म्हणाली. "मंग कोयताच की गं ह्यो."

"तेच तर मी त्या बाईंना सांगितलं!" मी फुशारकीनं म्हणाले. तुझी न् दादांची गोष्ट सांगितली, त्यांना किती आवडली, सुंदर म्हणाल्या. वडिलांना मी दादा म्हणायचे.

आईनं भाकरी उलटली. "सुंदर म्हन्ली व्हय ती," एवढंच म्हणाली. मग विचारलं, "पावणे काय म्हन्ले?" जावयाला ती पावणेच म्हणते, रोज एका ताटातली चटणी खाऊनसुद्धा.

"चालतंय म्हणाले."

"हां," आई म्हणाली. "मीबी तसंच म्हन्लते."

मला कळेना ही काय बोलतेय. मी खोदून विचारलं तेव्हा तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, माझ्याकडं न बघता. मी तेव्हा आठवीत होते आणि मामाकडं राहून शिकत होते. गावात अंगणवाडी निघाली होती. तिथल्या बाईंना मदतनीस पाहिजे होती, त्यांनी आईचं नाव सुचवलं होतं.

"लेकरायला गोळा करून आनायचं, खाऊ घालायचं, झाडलोट करायची, त्येंच्यासंगट गाणी म्हनायची. मला लई हौस होती बघ. गावातच ऱ्हायचं, तूबी घरी ऱ्हायली असतीस. पन तुज्या दादाला एकट्याला मुकादम घेतंय व्हय? अर्धा कोयता कोन घेतंय? त्येंनी सांगितलं, दसऱ्याच्या मागं निगायचंय. मी म्हन्लं, चला की."

"आणि दादांना सांगितलंस का नाही, की मला नाही यायचं म्हणून?"

"कावून सांगू? सांगून त्येंचंबी मोडायचं व्हय?" तिनं तव्यावरची भाकरी काढून निखाऱ्यापाशी उभी केली. "त्येंनी काय विचारलं न्हाई, मी काय सांगितलं न्हाई. मोळीवर मोळी, गेलं साल."

मला आठवलं, गावाकडं गेलो की आई त्या अंगणवाडीपुढून जाताना हमखास थांबायची आणि तिथल्या मदतनीस बाईला बोलायची. असं झाडतेत का, कोपऱ्यात बघ किती राहिलंय. लेकराचं नाक पुस की आधी. दरवेळी. मी लाजेनं मेल्यासारखी व्हायचे, तिला हाताला धरून ओढायचे. मला वाटायचं आईला लोकांच्या उचापती करायची खोडच आहे. ती जागा तिची होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी परदेशातल्या एका बाईला तिच्या जोडीची गोष्ट सुंदर म्हणून विकून आले होते.

वाईट वाटलं की मला आधी राग येतो, तसा आला. मी आईला म्हणाले, आमचं तसलं काही नाही. हा शिकलेला माणूस आहे, त्याला नको असतं तर त्यानं सांगितलं असतं. आई म्हणाली, "हां, सांगतेल की." त्या सुरात म्हणाली की मला जेवण गेलं नाही.

शनिवारी माझ्या शाळेला सुट्टी असते आणि त्याची सकाळची शाळा. मी आवरून मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिले. "आज मी पण येते."

"कावून?" तो गोंधळला. इतक्या वर्षांत मी दोनदा तिथं गेले असेन, तेही झेंडावंदनाला.

"बायकोला येऊ नये का? चल."

वस्तीवरची शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं लांब ओटा, आणि सगळीकडं कुसळं. त्या ओट्यावर पिवळ्या रंगात त्यानं संख्यारेषा रंगवली होती. मधे शून्य, उजवीकडं एक-दोन-तीन, डावीकडं उणे एक, उणे दोन. पोरं तिच्यावर उड्या मारत होती आणि घसा ताणून भांडत होती. एक पोरगी शून्याच्या मागं जाऊन उभी राहिली होती आणि म्हणत होती, "मी न्हाई हरले! सर, मागं गेलं म्हंजी हरलं असं कुटं असतंय? सांगा की ह्येला!" आणि माझा नवरा खांबाला टेकून म्हणत होता, "मला कशाला विचारती, तूच पटवून दे त्याला."

मी बघत राहिले. प्राथमिक शाळेत उणे संख्या शिकवत नाहीत. हे असलं भांडण ऐकण्यासाठी मी समुद्रापलीकडं जायला निघाले होते, आणि हा गडी रोज इथं ते ऐकून घरी येऊन मुकाट्यानं गोड चहा पीत होता. खरं सांगते, मला त्याचं कौतुक नंतर वाटलं, आधी हेवा वाटला. पुन्हा वाटलं, ह्याला मी तिथं दुसऱ्याच्या वर्गात रंगाचे खडू वाटायला नेणार होते. आणि 'चालेल ना?' म्हणून विचारलं होतं, जणू सिनेमाला जायचंय.

शाळा सुटायच्या वेळेला एक नवरा-बायको आले. टोळी दोन-चार दिवसांत हलणार होती. जी मुलं मागं राहतात त्यांच्यासाठी शाळेतच दोन वेळच्या जेवणाची सोय असते, रात्री आजी-आजोबांकडं किंवा चुलत्याकडं झोपायचं. त्यासाठी मुलं मागं ठेवा म्हणून दरसाल नवरा घरोघर हिंडतो, हे मला माहीत होतं. 'सर्व्हेचं काम' असं तो म्हणायचा, मला वाटायचं कागद भरायचं काम असेल. त्या बाईनं शून्याच्या मागं उभ्या राहिलेल्या त्याच पोरीला पुढं ढकललं. "ठिवते हिला, सर. तुमी हाय म्हणून ठिवते. पन पुढल्या सालीबी तुमीच हायेत न्हवं? मधीच सर बदलले की ही न्हाई ऱ्हायची. मंग आत्ताच नेलेली बरी, सवय तर लागंल."

मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"मीच हाय की," तो म्हणाला. "जावा तुमी बिनघोर."

येताना मी मोटरसायकलवर मागं बसले होते आणि आतून नुसती उकळत होते. घाटाच्या वळणावर मेंढरं आडवी आली. कळप मोठा, डोंगरावरून खाली उतरत होता, गाडी बंद करून थांबण्यावाचून इलाज नव्हता. चारी बाजूंनी मेंढरं, मधे आम्ही दोघं. मी खाली उतरले आणि म्हणाले, "तू आमच्यापैकी एकीशी खोटं बोलतोयस. माझ्याशी की त्या बाईशी, तेवढं सांग."

लोकांत मी त्याला अहो म्हणते. मेंढपाळ काठी घेऊन शेजारीच उभा होता, पण माझं भान सुटलं होतं.

"घरी बोलू," तो म्हणाला.

"इथंच बोलायचं. मेंढरं काय चहाड्या सांगणारेत? बोल!"

तो हँडलकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "तुला लई दिवसांनी अशी खूश बघितली. दोघांनाच घेतेत म्हणालीस. मी न्हाई म्हणलो तर तुझंबी मोडतंय."

आईचेच शब्द. तिनं ते दादांसाठी म्हटले होते, त्यानं माझ्यासाठी. म्हणजे या जोडीत आई तो होता, आणि विचारायचं विसरलेले दादा मी होते.

"मग मी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"तू कुठं विचारलंस?" तो पहिल्यांदाच वर बघून म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण लागला. "तू म्हणालीस, चालेल ना. चालतंयच मला. माझं काय, कुठंबी चालतंय."

मेंढरांच्या मागून त्यांचा संसार आला. घोडीवर गाडगी-मडकी, वाकळा, त्यांत एक लेकरू बांधलेलं, आणि लगाम धरून एक बाई. तिनं आमच्याकडं बघितलं, गालात हसली आणि पुढं गेली. भांडणारं जोडपं कुठलंही असो, बायकांना लांबून ओळखू येतं. हिला निघताना कुणी विचारलं असेल का, असं माझ्या मनात येऊन गेलं.

मी म्हणाले, "आता विचारते. तुला मस्कतला यायचंय का? हो किंवा नाही. चालतंय म्हणालास तर याद राख."

शेवटचं लंगडं मेंढरू रस्ता ओलांडून गेलं तरी त्यानं गाडीला किक मारली नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "मला न्हाई यायचं."

मला वाटलं होतं, खरं कळलं की हलकं वाटेल. कसलं काय! ढसाढसा रडले मी. त्याची दया येऊन नाही, तो समुद्र, तो वर्ग, ती 'पण असंच का' म्हणणारी पोरं, सगळं एका शब्दात गेलं म्हणून रडले. त्यानं रुमाल पुढं केला. तो म्हणाला, "तू जा की एकटी. पोरीला आन् मामींना मी बघतो." मामी म्हणजे माझी आई. मी नाक पुसत ओरडले, "अर्धा कोयता कोण घेतंय?" त्याला ते कळलं नाही. वाटेत मी त्याला आईचं सगळं सांगितलं.

तरी मी त्या शाळेला लिहिलं. माझे पती येऊ शकत नाहीत, मी एकटी येऊ शकते, मला घर नको, खोली चालेल. उत्तर आलं ते फार गोड भाषेत आलं. आम्हाला दोन्ही जागा भरायच्या आहेत, तुमच्यासारख्या गुणी शिक्षिकेला आम्ही मुकतो आहोत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मस्कतच्या मुकादमानं इंग्रजीत का होईना, पण तेच सांगितलं.

पुढचे काही दिवस माझ्या वाटेला कुणी गेलं नाही. मी भांडी आपटली, वर्गात फळा दोन-दोनदा पुसला, लेकीला विनाकारण पाढे म्हणायला लावले. मी कुणासाठी त्याग-बिग केला नव्हता, हे लोकांना ओरडून सांगावंसं वाटायचं. सोडून द्यायला माझ्या हातात काही आलंच नव्हतं. नवऱ्याकडं बघितलं की राग यायचा, आणि तो खरं बोलला म्हणून त्याच्यावर रागवायची मला चोरी होती. ते सगळ्यात वाईट. आईनं तेवढं एकदा म्हटलं, "भांडी काय मस्कतची हायेत व्हय?" आणि मी हसले, आणि हसल्याचाही मला राग आला.

मग एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून पुढं आले, तर नवरा ओट्यावर माझा फोन घेऊन बसला होता. चष्मा नाकाच्या टोकावर, ओठ हलतायत. इंग्रजी तो असंच वाचतो, प्रत्येक शब्दाला जबाबदार धरल्यासारखं.

"हे बघ," तो म्हणाला. "ह्याच्यात जोडप्याचं काय लिहिलेलं न्हाई. नैरोबी. गणितच हाय. पासपोर्टचंबी काय म्हणत न्हाईत. राहायची सोय शाळेच्या आवारात, एकट्या बाईला."

"तुला कुणी सांगितलं हे उद्योग करायला?"

"कुणी न्हाई." त्यानं फोन खाली ठेवला आणि चष्मा काढला. "पण आधी एक सांग. चालंल का म्हणत न्हाई मी. तुला जायचंय का? एकटीला? मी न्हाई, पोरगी न्हाई. दोन वर्षं. जायचंय का तुला?"

मला आयुष्यात लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. जमेल का, झेपेल का, घरचं कसं होईल, लोक काय म्हणतील. जायचंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. अंगणात लेक चिंचोके खेळत होती. हिच्या वेण्या कोण घालेल, असं मनात आलं. ही मला दोन वर्षांत परकी झाली तर? त्या विचारानंही आतलं उत्तर बदललं नाही.

"जायचंय," मी म्हणाले. "भीती वाटतीय मला. पण जायचंय."

त्याचा चेहरा पडला. पडायलाच पाहिजे होता, नसता पडला तर मीच त्याला सोडला नसता. त्यानं चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, परत पुसला, आणि डोळ्यांवर चढवला. "बरं," म्हणाला. "मग हे नीट वाचून दाखव. ह्यो शब्द मला लागंना."

आई दाराशी सुपात तूर पाखडत होती. सगळं ऐकलं होतं तिनं, तिचे कान मस्कतपर्यंत जातात. थोड्या वेळानं मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सुपातले खडे वेचायला लागले. मग विचारलं, "आई, त्या साली दादांनी असं विचारलं असतं तर?"

"तर काय?" आई म्हणाली. "गेलेच असते की. त्येंना एकट्याला कसं सोडलं असतं?"

ती पाखडत राहिली. टरफलं उडून अंगणात गेली. लेकीनं तिकडून ओरडून सांगितलं, आजी, तोंडात कचरा येतोय माझ्या. आईनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पन विचारायला पायजे होतं गं त्येंनी."